पूर्ण नाव

शाळेतल्या शिपायाला नाव नसतं. पटत नसेल तर कुठल्याही पोरीला विचारून बघा. मोठ्या बाईंचं नाव सांगेल, चित्रकलेच्या सरांचं टोपणनावसुद्धा सांगेल, पण शिपाई? शिपाई म्हणजे मामा. पुण्यात मामांना तोटा नाही. बसचा कंडक्टर मामा, चौकातला पोलीस मामा, आणि शाळेत घंटा देणारा, बेंच उचलणारा, मुलींच्या विसरलेल्या डब्यांची राखण करणारा, तोही मामाच.

या गोष्टीतल्या मामाचं नाव वैजनाथ केंद्रे. आधीच सांगून ठेवतो, कारण गोष्टीत ते फारसं कुणी उच्चारणार नाही.

वैजनाथ परळीकडचा. भोसरीच्या एका कारखान्यात दोन वर्षं कंत्राटावर घासला आणि मग पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून लागला. तेव्हापासून पंधरा वर्षं तो त्या खोलीत होता. बाटलीवरची चिठ्ठी उडाली तरी त्याचं काही अडायचं नाही. बूच काढून दुरूनच हुंगायचा आणि म्हणायचा, "अमोनिया. झाकण घट्ट लाव, पोरी, डोळ्यांत जाईल." शिक्षण दहावी नापास, तेही विज्ञानातच! पण विज्ञानाच्या देवधरबाई स्वतः म्हणायच्या की या शाळेत रसायनशास्त्र दोघांनाच येतं आणि त्यातल्या एकाला पगार कमी आहे.

त्याची एक रीत होती. दरवर्षी डिसेंबर लागला की तो गरम पाण्यात तुरटी विरघळवायचा, मावेल तेवढी, आणि त्यात दोरा सोडून ठेवायचा. दोऱ्याला दिवसादिवसानं तुरटीचे खडे धरायचे, काचेसारखे स्वच्छ. निरोप समारंभाच्या दिवशी दहावीच्या मुली साड्या नेसून, हजेरीच्या क्रमानं प्रयोगशाळेत यायच्या आणि तो एकेकीला एकेक खडा द्यायचा. पण फुकट नाही. आधी पूर्ण नाव सांगायचं. आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. "बोर्डाचे परीक्षक असंच विचारतात," तो म्हणायचा, "तिथे त-त-प-प नको." अर्धवट सांगितलं की म्हणायचा, "पूर्ण." आणि पूर्ण सांगितलं की खडा हातावर ठेवून, "जा, पास झालीस." मुली हसायच्या, पण खडा जपून ठेवायच्या. दोन-दोन मुलांच्या आया झालेल्या मुली लक्ष्मी रोडवर भेटल्या तर सांगायच्या, "मामा, तुमचा खडा अजून आहे हं माझ्याकडे." वैजनाथला त्याचं कोण कौतुक!

तर या माणसाला एक मुलगी होती. एकुलती एक, भाग्यश्री. घरी भागू.

सातवीपर्यंत ती महापालिकेच्या शाळेत शिकली. मग देवधरबाईंनीच मोठ्या बाईंच्या कानावर घातलं आणि आठवीला भागू याच शाळेत आली. सेमी इंग्लिशच्या तुकडीत, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. बापाच्या पायाला चाकं लागली. पहिल्या दिवशी त्यानं प्रयोगशाळेच्या काचा दोनदा पुसल्या.

आणि पहिल्याच दिवशी ते झालं. मधल्या सुट्टीत भागूला पाण्याचे नळ सापडेनात. व्हरांड्याच्या टोकाला तिला बाप दिसला आणि ती घरच्यासारखी खणखणीत ओरडली, "बप्पा!"

मागून दोघी-तिघींनी सूर लावला, "मोरया!"

अख्खा व्हरांडा खदखदून हसला. आता यात त्या पोरींचंही काही चुकलं नाही. परळीकडे बापाला बप्पा म्हणतात, हे पेठेतल्या पोरींना कुठून ठाऊक? त्यांच्या लेखी बप्पा एकच, सोंडेचा. तिनं हाक कुणाला मारली हेसुद्धा कुणी पाहिलं नाही. पण भागूचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि ती नळाकडे न जाता वर्गात परत गेली.

संध्याकाळी वैजनाथ सायकलच्या साखळीला तेल घालत बसला होता. भागू जवळ येऊन उभी राहिली. "बप्पा, शाळेत मी तुम्हाला मामा म्हटलं तर चालेल?"

तो हसला. "चालेल की. सगळ्याच म्हणतात. तू काय वेगळी?"

हे वाक्य पुढे तीन वर्षं त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं बसणार होतं, पण त्या वेळी तो हसला, हे खरं.

कौशल्या, म्हणजे त्याची बायको, आतून लाटणं घेऊनच बाहेर आली. ती एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायची. घरी आली तरी तिच्या हातातलं लाटणं काही सुटायचं नाही. "आवो, लेकरू बापाला मामा म्हनायलंय आन् तुमी हसताय कामून? म्या त्याची माय, तुमी त्याचे मामा, तर मंग आपलं नातं काय झालं?"

भागूलाही हसू आलं. वैजनाथ तर डोळे पुसेपर्यंत हसला.

"हसा," कौशल्या म्हणाली. "लेकीनं बापाला मामा बनवलं, बगा."

तेरा वर्षांची पोर ती. आठ दिवसांत विसरेल, असं त्याला वाटलं. ती विसरली नाही. आठवी गेली, नववी गेली. सकाळी ती दहा मिनिटं आधी निघायची, तो मागून सायकलवर जायचा. प्रयोगशाळेत ती इतर मुलींसारखीच म्हणायची, "मामा, परीक्षानळी द्या ना," आणि तो इतर मुलींना म्हणायचा तसंच म्हणायचा, "घे, पोरी." वर्गात रोज हजेरी व्हायची, "केंद्रे भाग्यश्री वैजनाथ," आणि ती "हजर" म्हणायची. कुणाच्या काही डोक्यात आलं नाही. कसं येणार? मामाला नाव असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. मोठ्या बाईंना ठाऊक होतं, देवधरबाईंना ठाऊक होतं. पण त्या जुन्या पुण्याच्या बायका, विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत आणि विचारलं तरी मोजकंच.

दहावीचं वर्ष आलं. सन दोन हजार. त्या वर्षी पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. पर्वती पायथ्याच्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा एकानं पिठाची गिरणी बंद करून इंटरनेट कॅफे काढला. भागूच्या बाकावरची स्वराली होती, तिचा भाऊ शौनक कॅलिफोर्नियाला गेलेला. डबा उघडला की स्वराली शौनकदादाच्या गाडीचं सांगायची, आणि भागू घरी येऊन म्हणायची, "बप्पा, मला कॉम्प्युटर इंजिनिअरच व्हायचंय." गणितात पोरगी हुशार. रसायनशास्त्रात मात्र पालथ्या घड्यावर पाणी. व्याख्या पोपटासारख्या म्हणायची आणि शेवटच्या शब्दाला अडली की सगळं मुसळ केरात.

मग वैजनाथ रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायला लागला. त्याला इंग्रजी नावं येत नव्हती आणि तिला त्या नावांखाली काय असतं ते कळत नव्हतं. तो म्हणायचा मोरचूद, ती म्हणायची कॉपर सल्फेट. तो म्हणायचा धुण्याचा सोडा, ती म्हणायची सोडियम कार्बोनेट. स्वयंपाकघराच्या ओट्याशी दोघांची भांडणं चालायची आणि कौशल्या पोळी उलटता उलटता ऐकायची.

एकदा त्यानं वहीचा कागद हळदीच्या पाण्यात बुडवला, वाळवला, पट्ट्या कापल्या. पट्टीला साबणाचं पाणी लावलं. पिवळी पट्टी तांबडीलाल झाली.

"साबण म्हणजे आम्लारी. आता लिंबू पिळ."

तिनं पिळलं. पट्टी परत पिवळी झाली.

"गेली होती, आली परत," तो म्हणाला. "हा परत येणारा बदल. माझी तुरटी बघ. विरघळली तेव्हा दिसेनाशी झाली, पण गेली कुठे? दोऱ्याला धरून परत आली. आता हे दही घे आणि त्याचं दूध कर."

"कसं होईल?"

"नाही होत. हा परत न येणारा बदल. तीन उदाहरणं घोक. लोखंड गंजणं, कागद जळणं, दुधाचं दही होणं."

"चौथं?"

"पेपरात तीनच विचारतात. चौथ्याला मार्क नाहीत."

भागू खळखळून हसली. "बप्पा, तुम्ही शिक्षक व्हायला पाहिजे होतं." त्या रात्री वैजनाथ दोन पोळ्या जास्त जेवला.

खिडकीत हॉर्लिक्सच्या बाटलीत त्यानं एक दोरा वेगळा सोडला होता, शाळेतल्या दोऱ्यांपेक्षा दीड महिना आधी. त्या दोऱ्याला एकच खडा धरला होता. आजूबाजूला दुसरा धरायला लागला की तो नखानं काढून टाकायचा. कौशल्यानं एकदा विचारलं, "ह्यो कुनाचा?"

"भागूचा. निरोप समारंभाचा."

"ती पूर्ण नाव सांगनार तुमाला? तुमचंच नाव, तुमाला?"

"सांगेल की. आणि त्या दिवशी बप्पासुद्धा म्हणेल, बघ. शाळा सुटायला आल्यावर कसली लाज? एकदा म्हटली तरी खूप झालं."

बास. एवढंच हवं होतं त्या माणसाला. पंधरा वर्षं ज्या खोलीत तो मामा होता, त्या खोलीत एकदा, फक्त एकदा, बप्पा.

जानेवारीत देवधरबाईंचा आवाज गेला. तीस वर्षं खडूची भुकटी आणि पोरींचा कलकलाट, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी पंधरा दिवस मौन सांगितलं. बाई घरी बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या रोज येऊन खुर्चीत बसायच्या आणि चिठ्ठ्या लिहायच्या. पहिल्याच दिवशी चुळबुळ करणाऱ्या मुलींकडे चिठ्ठी आली: 'माझा घसा गेलाय, डोळे शाबूत आहेत.' दुसरी चिठ्ठी वैजनाथला: 'प्रात्यक्षिकांची उजळणी तुम्ही घ्या. मी चुका काढते.'

वैजनाथनं हात धुतले, टोपी नीट केली आणि तो टेबलामागे उभा राहिला. समोर बेचाळीस मुली. दुसऱ्या रांगेत तिसरी, भाग्यश्री. मान खाली, वहीत.

आणि सांगतो, त्या दिवशी त्यानं काय शिकवलं! लिटमसनं सुरुवात केली. "आंबट दिसलं की निळा लाजतो, लाल होतो. लाजणारा निळा म्हणजे आम्ल, एवढं लक्षात ठेवलं तरी दोन मार्क." मग हळदीच्या पट्ट्या काढल्या. साबण, लिंबू, परत साबण. "लग्नात हळद लागलेलं पातळ साबणानं धुतलं की लाल डाग पडतो आणि सासू सुनेच्या नावानं ओरडते. सुनेचा काय दोष? दोष आम्लारीचा." वर्ग हसून लोळला. मग आम्लात थेंब थेंब आम्लारी घालून दाखवली. "याचा आंबटपणा गेला, त्याचा बुळबुळीतपणा गेला. राहिलं काय? मीठ आणि पाणी. दोघंही आपापला हट्ट सोडतात, त्याला उदासिनीकरण म्हणतात." देवधरबाईंनी चिठ्ठी लिहिली नाही. एकही नाही.

स्वराली उभी राहिली. "मामा, भारीच हो! आम्हाला हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. सॉरी बाई. मामा, तुम्ही घरी पण असंच शिकवता का? तुम्हाला मुलंबाळं आहेत? कितवीत आहेत?"

वैजनाथनं दुसऱ्या रांगेकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण नजर गेली. भागूची पेन्सिल थांबली होती. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नका सांगू. एवढंच होतं.

"नाही गं, पोरी," तो म्हणाला. "मला कुठलं लेकरू?"

पण खरी गोष्ट तर पुढे आहे. शब्द गेला आणि त्यानं पाहिलं, भागूचे खांदे खाली आले. पेन्सिल परत चालायला लागली. पोरीचा जीव भांड्यात पडला होता. आपल्याला बाप नाही हे ऐकून तिला बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं बापानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. अरे देवा, शत्रूवरसुद्धा अशी वेळ येऊ नये!

तास संपल्यावर देवधरबाईंनी जाता जाता त्याच्या हातात चिठ्ठी दिली. 'श्री. वैजनाथ केंद्रे यांस. आज तुम्ही एक उत्तर चुकीचं सांगितलंत.'

त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. "बाई," तो म्हणाला, "तो प्रश्न यंदाच्या अभ्यासक्रमात नाही."

बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि त्या निघाल्या.

घरी आला तेव्हा कौशल्या अजून केंद्रावरच होती. भागू ओट्याशी वही उघडून बसली होती. तो हातपाय धुऊन आला, तशी ती हळूच म्हणाली, "बप्पा, आज तुम्ही मला सांभाळून घेतलंत. थँक्यू हं."

आभार मानले हो तिनं! मनापासून मानले. बापानं 'मला लेकरूच नाही' म्हणून सांगितलं, त्याबद्दल. ती दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर त्याला रागावता तरी आलं असतं.

"काढ पुढचा धडा," तो म्हणाला.

निरोप समारंभ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाला. भागू कौशल्याची लग्नातली मोरपंखी साडी नेसली. कौशल्यानं पदर खोचून दिला, दृष्ट काढली आणि नवऱ्याकडे बघून भुवया उडवल्या. मतलब, आज. वैजनाथनं हॉर्लिक्सच्या बाटलीतला खडा काढून कोरड्या फडक्यात बांधला आणि खिशात ठेवला. सायकलवरून जाताना तो मधूनमधून खिसा चाचपत होता.

भाषणं झाली, रडणं झालं, बटाटेवडे झाले. मग साड्या सावरत मुली प्रयोगशाळेत आल्या. टेबलावर तुरटीचे खडे मांडलेले.

"आपटे मुक्ता श्रीधर." "जा, पास झालीस."

"बहिरट सोनल..." "पूर्ण." "बहिरट सोनल दत्तात्रय." "जा, पास झालीस."

एकेक नाव पुढे सरकत होतं आणि वैजनाथ मनात रांग मोजत होता. इनामदार झाली, काळे झाली. मग मोरपंखी साडी समोर आली.

"केंद्रे भाग्यश्री," ती म्हणाली आणि थांबली.

"पूर्ण," तो म्हणाला, सोनलला म्हणाला तसंच.

"वैजनाथ," ती म्हणाली. अगदी हळू. मान खाली.

पंधरा वर्षांत त्या खोलीत त्याचं नाव कुणी तोंडानं घेतलं नव्हतं, आणि आज घेतलं ते हिनं. आता पुढचा शब्द, त्याला वाटलं. आता म्हणेल. त्यानं खिशातून फडकं काढलं.

मागून स्वराली पुढे वाकली. "अय्या, मामा, तुमचं नाव काय हो? इतकी वर्षं आमची नावं विचारताय, तुमचं कुणाला माहीतच नाही! आज तुम्ही सांगायचं. पूर्ण!"

"पूर्ण, पूर्ण!" सगळ्या मुली ओरडायला लागल्या. टाळ्या वाजायला लागल्या.

वैजनाथनं लेकीकडे बघितलं. तिनं नुसतं म्हणायचं होतं, हे माझे बप्पा. कुणी हसलं नसतं. त्या दिवशी त्या खोलीत एकही पोरगी हसली नसती, उलट सगळ्या रडल्या असत्या. हे त्याला कळत होतं, देवधरबाई दारात उभ्या होत्या त्यांना कळत होतं. फक्त सोळा वर्षांच्या त्या पोरीला कळत नव्हतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. टाळ्या चालूच होत्या. तो थांबला. जितकं थांबता येईल तितकं थांबला. ती फडक्याकडे बघत राहिली.

"मामा," तो म्हणाला. "मामाच की गं. मामाला कुठलं आलंय नाव?"

मोठा हशा झाला. भागूनं हात पुढे केला. त्यानं फडकं सोडून खडा तिच्या हातावर ठेवला. लिंबाएवढा, आरपार दिसणारा, कुठे डाग नाही.

"थँक्यू, मामा," भाग्यश्री म्हणाली.

"हे काय!" स्वराली म्हणाली. "हिला एवढा मोठा का?"

"चुकून वाढला," वैजनाथ म्हणाला. "तू पुढे ये. नाव सांग."

देवधरबाई दारातून केव्हा गेल्या ते त्याला कळलं नाही.

संध्याकाळी कौशल्या वाटच बघत होती. भागू साडी बदलायला आत गेली, तशी तिनं त्याला ओट्यापाशी ओढलं. "म्हनली का?"

त्यानं टोपी काढून खुंटीला लावली. वेळ काढायला ती परत काढून झटकली आणि परत लावली.

"म्हणली की," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. पोरी बघतच राहिल्या."

"अगं माय!" कौशल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "म्या म्हनलंच हुतं, लेकरू आपलंच हाय. काय म्हनली? बप्पा म्हनली?"

"बप्पाच म्हणली."

तिनं कढई चढवली. घरात रवा होता, गूळ होता, तुपाची बरणी खरवडली आणि ती शिरा करायला बसली. भाजता भाजता गुणगुणत होती. एवढ्या वर्षांत वैजनाथनं तिला खोटं सांगितलं नव्हतं. शिऱ्याचा वास घरभर सुटला आणि तो भिंतीला टेकून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. साडी बदलून भागू लगेच वही, पट्ट्या, साबणाचं पाणी, लिंबाच्या फोडी मांडून बसली. मोठा खडा तिनं खिडकीत ठेवला होता. ती मन लावून करत होती. ओठ हलत होते, नजर वहीत. लिंबू पिळलं, पट्टी पिवळी झाली, तिनं लिहून घेतलं. मग मान वर न करता तिनं हात पुढे केला.

"मामा, हळदीची पट्टी द्या ना."

"घे, पोरी," वैजनाथ म्हणाला, आणि त्यानं पट्टी दिली.

दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तिनं पट्टी घेतली, साबणात बुडवली. त्यानं उरलेल्या पट्ट्या सारख्या करून ठेवल्या. कढईतला कालथा थांबला, तेव्हा त्यानं वर बघितलं. कौशल्या त्याच्याकडे बघत होती. एका हातात कालथा, एका हातात ताटली, त्यात वाफाळता शिरा. तिनं लेकीकडे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं.

तिनं ताटली ओट्यावर ठेवली आणि शेगडी बंद केली.

"बास झाल्या पट्ट्या," भागू म्हणाली. "आता तोंडी विचारा. बाहेरचे परीक्षक तोंडी विचारतात."

वैजनाथनं घसा साफ केला. "परत न येणारा बदल. उदाहरणं सांग."

"लोखंड गंजणं. कागद जळणं. दुधाचं दही होणं." एका दमात सांगितलं तिनं, कुठेही न अडता. पहिल्यांदाच.

"आणि?"

"आणि काय? पेपरात तीनच विचारतात," भाग्यश्री म्हणाली. "तुम्हीच तर सांगितलंय. पुढचा विचारा."